जागलीचं अंथरूण कसं असावं?

पौषातल्या रात्री दोन वाजता सेनगाव किंवा कळमनुरीच्या शिवारात गेलं, तर बॅटऱ्यांचे उजेड इकडून तिकडे फिरताना दिसतात. शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीत असली की गहू-हरभऱ्याला पाणी तेव्हाच द्यावं लागतं. ज्याचं पाणी नाही, त्याची जागल असते, रोही आणि रानडुकरांसाठी. दारं धरून पाय गुडघ्यापर्यंत ओले, सदरा दवानं दमट, आणि त्याच कपड्यांत माणूस मचाणावर दोन तास अंग टाकतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून गारठ्यानं माणूस दगावू शकतो हे पटत नाही. पण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. त्यामुळे पारा ८-१० अंशांवर असला, तरी ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की त्याला वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग बोलणं जड होतं, पाय अडखळतात. बघणाऱ्याला वाटतं, गडी पिऊन आलाय. काही वेळानं हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे बरं वाटलं असं नव्हे; शरीर थकलेलं असतं.

अंथरूण स्वतः गरम नसतं. धाग्यांत अडकलेली कोरडी, स्थिर हवा आपलीच ऊब धरून ठेवते. सुती गोधडी घरात उत्तम. शेतात दव पिऊन ती बसते, जड होते आणि हवा धरत नाही. लोकर वेगळी. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. धनगरांची घोंगडी टोचते खरी, पण ओल्या रानासाठी ती शहाणपणाची वस्तू आहे.

आता तरुण मंडळी ऑनलाइन स्लीपिंग बॅग मागवतात. गिर्यारोहक, परदेशातले शिकारी यांच्यासाठीची ही पिशवी जागलीलाही चालते. मात्र निवड नीट हवी. पिसं भरलेली बॅग हलकी आणि महाग, पण भिजली की पिसांचा गोळा होतो. आपल्याला पॉलिस्टर भरलेली घ्यावी. ती ओली झाली तरी थोडीफार ऊब देते आणि लवकर वाळते. लेबलवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’चं धरावं. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा झोपेचा नाही, कसाबसा जीव तगण्याचा आहे. शिवाय नुसत्या दाव्यापेक्षा ‘आयएसओ २३५३७’ प्रमाणे चाचणी झालेली बॅग बरी. चेन आतूनही उघडते ना, हे पाहावंच. रानडूक आल्यावर पिशवीत धडपडत बसायचं नाही.

पण पाचशेची असो की पाच हजारांची, अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही, कारण तिथली हवा निघून गेलेली असते. म्हणून पैसे आधी खाली घालावेत. फोमची चटई, नाही तर कोरड्या कडब्याचा वीतभर थर आणि वर बारदाना. मचाणावर तर खालूनही वारा लागतो. वर ताडपत्री गुंडाळून झोपू नये. अंगातली वाफ तिला लागून पाणी होते आणि पहाटे आतूनच भिजायला होतं. ताडपत्री छतासारखी वर ताणावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. जागा नाल्याच्या काठची नको, कारण निरभ्र रात्री थंड हवा उतरून सखल भागात साचते.

एक कोरडा जोड, मोजे आणि माकडटोपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. झोपण्यापूर्वी ओलं सगळं काढायचं. आळस येतो, पण निम्मी ऊब इथंच वाचते.

शेकोटी बाहेरच हवी. बंद खोपीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये निखारे ठेवून झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साखरेचा आजार असलेल्यांनी पाय शेकू नयेत, बधिर तळव्याला भाजलेलं कळत नाही. आणि दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आतली उष्णता मात्र बाहेर जाते.

सोबत्याची जीभ जड झालीच, तर त्याचे ओले कपडे काढावेत, कोरड्यात गुंडाळून छाती-पोटाला ऊब द्यावी, हातपाय चोळू नयेत. गिळता येत असेल तर गोड चहा पाजावा. सोबतच १०८ला फोन लावावा.

सकाळी बॅग गुंडाळून घरी आणली, की तशीच कोपऱ्यात टाकू नका. रात्रभराचा घाम तिच्यात असतो. उलटी करून दोरीवर ऊन दाखवा, संध्याकाळपर्यंत ती पुन्हा फुगते.