कोळीदादाची अक्कल

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात, समुद्राकाठी, घाना नावाचा देश आहे. १९५७ साली तो इंग्रजांच्या राज्यातून मोकळा झाला. तेथे असान्ते नावाचे लोक राहतात. त्यांच्या गोष्टींत एक नेहमीचा गडी असतो. त्याचे नाव अनान्सी. अनान्सी म्हणजे कोळी. घराच्या कोपऱ्यात जाळे विणतो ना, तोच हा कोळी.

अनान्सी अंगाने एवढासा. पण डोके भारी चालते. एवढा मोठा अजगर. त्यालाही तो फसवतो. "अजगरदादा, तुम्ही लांब की ही काठी लांब?" असे विचारतो. अजगर मापासाठी काठीला लागून आडवा होतो. तेवढ्यात अनान्सी त्याला काठीशी बांधून टाकतो!

त्याची एक गोष्ट लहान मुलांना फार आवडते. ती आम्ही थोडक्यात सांगतो.

एकदा अनान्सीने जगातली सारी अक्कल गोळा केली. एका मडक्यात भरली. मडके उंच झाडावर लपवायचे त्याने ठरवले. म्हणजे शहाणा काय तो आपण एकटाच! त्याने दोरीने मडके पोटावर बांधले आणि तो झाडावर चढू लागला. पण मडके मध्ये येई. हातपाय झाडाला पुरेनात. पुन्हा पुन्हा तो खाली घसरे. खाली त्याचा मुलगा इंटिकुमा उभा होता. तो म्हणाला, "बाबा, मडके पाठीवर बांधा की!"

अनान्सी चिडला. सारी अक्कल आपल्या मडक्यात, मग ह्या पोराजवळ ही कुठून आली? रागाने त्याने मडके खाली टाकले. ते फुटले. अक्कल चहूकडे सांडली. ज्याने त्याने आपापल्यापुरती उचलून नेली.

कोणी म्हणेल, "अहो, हा अनान्सी तर लबाड! मुलांना अशा गोष्टी कशाला सांगायच्या?" शंका रास्त आहे. असान्ते लोकांनाही हे ठाऊक होते. म्हणून त्यांचे कथेकरी आधीच बजावत, की ही गोष्ट खरी नव्हे. शिवाय अनान्सीला हाव सुटली की बहुधा त्याचीच फजिती होते. मूल त्याला हसते. हसता हसता हाव कशी असते, ते त्याला कळते. वेगळा उपदेश लागत नाही.

सांगताना एवढे करा. पोटावर तांब्या धरून चढण्याचे सोंग करा. अनान्सी घसरला की थांबा. मुलांना विचारा, "आता त्याने काय करावे?" एखादे पोर पटकन म्हणेल, "पाठीवर बांधावे!" मग तेच पोर इंटिकुमा झाले. त्याला गप्प बसवू नका. असान्ते लोकांतही ऐकणारे मुकाट बसत नसत. मध्येच गाणे म्हणत आणि गोष्टीत भाग घेत. फार लहान मुलांना मारामारीच्या गोष्टी मात्र नकोत. त्या पुढे सांगाव्या.

ह्या गोष्टींनी मोठे दुःख पाहिले आहे. पूर्वी गोरे व्यापारी पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेत. त्यांना बेड्या घालून जहाजांत कोंबत आणि समुद्रापार जमैका बेटावर नेत. तेथे उसाच्या मळ्यांत त्यांना राबवत. घर गेले, गाव गेले. पण गोष्टी डोक्यात होत्या. त्या कोणाला हिसकून घेता आल्या नाहीत. दिवसभर राबलेल्या आईबापांनी त्या मुलांना सांगितल्या. मोठ्या बलवानाला एवढासा कोळी चकवतो, हे ऐकून त्यांना धीर येत असेल. जमैकातले गुलाम १८३८ साली पूर्ण मोकळे झाले. कोळ्याच्या गोष्टी तेथे आजही सांगतात.

आता तुम्हांला वाचता येते. ही गोष्ट एकदा वाचा. मग पुस्तक मिटा आणि मुलांना आपल्या बोलीत सांगा. उद्या तीच मुले ती तुम्हांला परत सांगतील. त्यात थोडी स्वतःची भरही घालतील. घालू द्या. मडके फुटले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला थोडी अक्कल आली आहे!