सहा थेंब रक्त आणि भिंगाचा चष्मा

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळ उघडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तशीच भिंगे लावून जिवंत पक्षी उघडणारे डॉक्टरही आहेत. कतारची राजधानी दोहा येथील सूक वाकिफ या जुन्या बाजारात २००८ सालापासून खास ससाण्यांचे इस्पितळ आहे. डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेले ससाणे मालकाच्या हातावर बसून तेथे येतात. या थाटाचे आम्हांला हसू आले खरे, पण आतले काम थट्टेचे नाही.

पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यांत बुरशी धरली की ससाण्याला धाप लागते, आवाज बदलतो आणि उशीर झाला तर तो दगावतो. बाहेरून कळणे कठीण. म्हणून गुंगी देऊन, कुशीला बारीक छेद घेऊन आगकाडीएवढ्या जाडीची दुर्बीण आत सरकवतात. माणसाच्या पोटात दुर्बीण घालायची तर आधी वायू भरून जागा करावी लागते. पक्ष्याला ती पोकळी निसर्गानेच दिलेली आहे. बुरशीचे बारीक ठिपके मग पडद्यावर ठळक दिसतात.

अशा इस्पितळात येणारे बरेच ससाणे किलोभराच्या आसपास असतात. पिंजऱ्यातला छोटा बजरीगर पोपट भरतो जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम. अंगात रक्त सुमारे ३ मिलिलिटर. त्याचा दहावा भाग, म्हणजे अवघे सहा थेंब सांडले की डॉक्टर सावध होतात. माणसाच्या शस्त्रक्रियेत कापसावरचा एवढासा डाग कोण मोजतो?

म्हणून भिंगाचा चष्मा. अडीचपट मोठे दाखवणारा चष्मा पुष्कळ कामांना पुरतो. जास्त मोठे दाखवणारे भिंग घेतले की दिसणारी जागा आक्रसते, मान जरा हलली तरी सारे धूसर होते आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो! त्यामुळे मनगट टेकवून, बसूनच काम करावे लागते. केसाहून बारीक दोऱ्याने टाके घालायचे तर सूक्ष्मदर्शकच हवा. १९२१ साली स्वीडनचे कानाचे डॉक्टर कार्ल न्यूलेन यांनी तो प्रथम माणसांच्या शस्त्रक्रियेत आणला. मात्र महागडे भिंग घेतले म्हणजे हात आपोआप स्थिर होतो असे नाही; त्याला सरावच लागतो.

शुद्धीवर येणाऱ्या ससाण्याला फडक्यात गुंडाळून धरतात, नाहीतर पंख आपटून पिसे मोडायची. मोडलेच तर जुने गळलेले पीस त्या जागी सांधतात. त्यासाठी मालक घरी पिसे जपून ठेवतात.