बाटलीवरचा क्रमांक



सुक्कोथचा सण आटोपला की इथे कुपत होलिममध्ये फ्लूच्या लसीची गडबड सुरू होते. गेल्या शब्बाथला सिनेगॉगमधून बाहेर पडताना आमच्या शेजारच्या मावशींनी मला थांबवलं. वय ८१, मधुमेह, शिवाय हृदयाचा त्रास. म्हणाल्या, "तू एवढी वर्षं लॅबमध्ये काढलीस. खरं सांग, लशीत कधी चूक होत नाही?"

मी म्हटलं, "होते, मावशी."

"मग मी नाही घेत," असं म्हणून त्या निघाल्याच. पायऱ्यांवर उभ्या उभ्या पुरं उत्तर देता आलं नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या लोकांची जुनी वस्ती. सॅम्युअल स्ट्रीट, इस्राएल मोहल्ला, १७९६ साली स्थापन झालेलं आपलं पहिलं सिनेगॉग, सगळं तिथलंच. म्हणजे ही साथ आपल्या पणजोबांच्या दाराशी आली होती.

त्या वेळी सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ओडेसात जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १८९३ साली कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगच्या लसीचं काम सुरू केलं. मांसाच्या पाण्यात, वर तुपाचे थेंब सोडून, ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णतेने मारत. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात. आपल्याला टोचतात ती फ्लूची लस याच तत्त्वावर चालते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. एक-दोन दिवस अंग दुखतं किंवा थोडा ताप येतो, तो शरीर तयारी करत असल्याचा परिणाम.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त. ताप आला, दंड दुखला, आणि ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर ती वापरली. लस घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा प्लेग कमी झाला. कैद्याला खरोखर "नाही" म्हणता येतं का, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारायलाच हवा. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून प्रयोगात भाग घेणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती हा जगभरच्या डॉक्टरांचा नियम झाला. शास्त्रज्ञांची जबाबदारी अशी हळूहळू, कधी चुका करूनच शिकली गेली.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दिवसात १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिन यांना संचालकपद गमवावं लागलं. पण कागदपत्रं जपलेली होती. ती तपासताना पुढे आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मलेरियाचा प्रसार शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरचा ठपका काढला. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचंच नाव दिलं गेलं.

ते १९ जण परत आले नाहीत, हे विसरून चालणार नाही. पण चूक कुठे झाली हे कळलं, कारण बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कुठली बाटली टोचली याची नोंद होती.

हे मला इतकं का पटतं, तेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी, रात्रपाळीला, रक्तगट तपासताना मी दोन रुग्णांच्या नळ्यांवरची लेबलं उलटी लावली. नावं एकसारखी होती. तासाभराने वही भरताना क्रमांक जुळेनात. माझे हातपाय गार पडले. एक मन म्हणालं, गुपचूप बदलून टाक, कोणाला कळणार? मी वॉर्डमध्ये फोन केला. रक्त अजून चढवलं नव्हतं. सकाळी मुख्य बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, पण दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक नळी दोघांनी तपासायची, असा नियम झाला. त्या रात्री मी गप्प बसले असते तर पुढे काय झालं असतं, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

म्हणून मावशींना माझं उत्तर असं: विज्ञान माणसंच करतात, आणि माणसं चुकतात. विज्ञानावर माझा विश्वास आहे तो चूक लिहून ठेवण्याच्या, शोधण्याच्या आणि कबूल करण्याच्या त्याच्या रीतीमुळे. जो म्हणतो की माझ्या औषधाने कधीच काही होत नाही, त्याच्यापासून जरा लांबच राहावं.

आपल्याकडेही काही काम आहे. पूर्वी कुठल्या लसीने किंवा औषधाने जोराची अ‍ॅलर्जी आली असेल, तर नर्सला आधी सांगा. त्या दिवशी ताप असेल तर तेही सांगा. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. लसीचं नाव आणि बॅच क्रमांक विचारून आपल्या वहीत तारखेसह लिहा. नंतर धाप लागली, चेहरा सुजला किंवा अंगभर पुरळ उठलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब मदत मागा. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून थंडीची वाट पाहू नका. उतारवयात, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असताना फ्लू जिवावर बेतू शकतो. लसीची जोखीम त्यापुढे फारच लहान आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी मावशींना वाचून दाखवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो क्रमांक मला वाचता येणार नाही, अक्षर बारीक असतं. तू येशील बरोबर?"

रविवारी सकाळी आम्ही दोघी जाणार आहोत. वही मी घेतली आहे.