सायलेन्सरच्या पोटातले पाणी

थंडीच्या सकाळी मोटरसायकल सुरू केली की सायलेन्सरच्या टोकातून पाण्याचे थेंब ठिबकतात. नव्या मालकाला वाटते, गाडीत काहीतरी बिघडले. बिघडलेले काहीच नसते. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन निघून जाते, पण त्यासाठी सायलेन्सर पुरता तापावा लागतो. घर ते दूध केंद्र आणि परत, एवढेच रोज धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तेवढा तापतच नाही. मग वाफ आतल्या गार पत्र्यावर निवते, तळाशी साचते, धुरातली आम्ले तिच्यात विरघळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

गॅरेजमध्ये याला गंजणे म्हणत नाहीत. ‘सायलेन्सर सडला’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. वरून क्रोम झळकत असते आणि आतला पत्रा कागदाएवढा उरलेला असतो. जुना मेकॅनिक आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर पत्रा जिवंत. भद्द आला तर पॉलिशवर पैसे घालवण्यात अर्थ नसतो. काही सायलेन्सरच्या पोटाला पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले बारीक भोक असते. आवाज फाटतो म्हणून ते पुट्टीने बुजवणारे लोक आपल्याच हाताने सडण्याची सोय करतात.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१पासून मोटरसायकली बनू लागल्या. कारखाना १९९६मध्ये बंद पडला. जावा २५० काय किंवा येझदी रोडकिंग काय, एका सिलिंडरला दोन बाजूंनी दोन सायलेन्सर, हीच त्यांची ओळख. या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. न जळलेल्या ऑइलच्या काजळीचा चिकट थर सायलेन्सरच्या आत बसतो. त्याने नळी चोंदते, गाडी ओढत नाही, पण तोच थर पत्र्याला पाण्यापासून वाचवतो. म्हणून या गाड्यांचे सायलेन्सर बाहेरून लाल झालेले असले तरी पुष्कळदा आतून शाबूत निघतात. म्हैसूरचा कारखाना गेला तरी तिथले मूळ सायलेन्सर आजही पुन्हा चमकवता येतात, याचे बरेचसे श्रेय या काजळीला द्यायला हवे.

मात्र प्लेटिंगला देण्याआधी ती काढावीच लागते. आतली जाळीची नळी बाहेर ओढून विस्तवावर लाल करतात आणि खरवडतात. सायलेन्सर कॉस्टिकच्या पाण्यात भिजत घालतात. ऑइलचा अंश राहिला तर तो प्लेटिंगच्या टाकीत उतरून सगळे द्रावण बिघडवतो.

पुढचे काम बफिंगचे, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. जुना थर उतरवायचा, पोचे काढायचे, भोकांवर पत्रा जोडायचा आणि एमरीच्या चाकावर पत्रा आरशासारखा करायचा. क्रोम काहीही झाकत नाही. एक ओरखडा राहिला तरी तो दुप्पट उठून दिसतो. मग हिरव्यागार द्रावणात निकलचा थर चढतो आणि त्यावर क्रोमचा. चांगल्या कामात निकल दहा ते तीस मायक्रॉन असते, क्रोम अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. गंज अडवणारे खरे निकल. क्रोम त्याला काळवंडू देत नाही. घाईत निकल पातळ चढवले तर दुकानातून आणलेली झळाळी एका पावसाळ्यात फुटते. शिवाय हा थर नळीच्या आत जवळजवळ पोचतच नाही. आत उरलेले टाकीतले आम्ल नीट धुतले नाही, तर चमकता सायलेन्सर आतून दुप्पट वेगाने सडतो.

या झळाळीची किंमत कामगार मोजतो, हे विसरून चालणार नाही. क्रोमच्या पारंपरिक टाकीत षट्संयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे, आणि टाकीवरच्या वाफाऱ्याने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडल्याच्या वैद्यकीय नोंदी जुन्या आहेत. सांडपाणी शुद्ध न करता नाल्यात सोडणाऱ्याकडे स्वस्तात काम होते म्हणून जाऊ नये. त्रिसंयुजी क्रोमियमचा कमी घातक पर्याय आहे. छटा किंचित वेगळी येते, इतकेच.

वरवरच्या ठिपक्यांसाठी प्लेटिंगची गरजच नाही. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासली की गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा जात नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूपच मऊ असते. रंगवायच्या लोखंडी भागावर टॅनिनचे किंवा फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावतात. गंजाचे काळे, घट्ट संयुग होते. हिरडा आणि हिराकस यांची शाई करणाऱ्यांना यातले टॅनिन पूर्वीपासून माहीत होते, कारण हिरड्यातले टॅनिन आणि लोह मिळूनच तो काळा रंग येतो. गंजाच्या या काळ्या थरावर साधा ऑइलपेंट मात्र सगळीकडे चालत नाही. इंजिनजवळच्या बेंड पाइपवर तो करपून सुटतो. तिथे सिलिकॉनचा उष्णतारोधक रंगच हवा, आणि तोही गाडी थोडी थोडी तापवून पक्का करावा लागतो. शोभेसाठी पाइपला गुंडाळलेली पट्टी पाणी धरून ठेवते आणि गंजाला घर देते.

कोकणात तर गंजायला खारा वाराच पुरतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे गाडी फिरवून आल्यावर, पाइप गार झाला की, गोड्या पाण्याने धुणे आणि कोरडे पुसणे याला तोड नाही. पावसाळाभर गाडी उभीच ठेवायची असेल तर आधी तिला वीसेक किलोमीटर दामटून सायलेन्सर आतून वाळवतात, गार झाल्यावर बाहेरून ऑइलचा हात फिरवतात आणि टोकात कापडाचा बोळा कोंबतात. बोळ्याचे लाल टोक बाहेर लोंबते ठेवतात, म्हणजे दसऱ्याला किक मारण्याआधी तो काढायचा राहत नाही.