गर्भाशयाचे अंतर्दर्शन

पाळी बंद होऊन दहा वर्षे लोटल्यावर आमच्या वन्संना पुन्हा डाग दिसू लागले, आणि ही गोष्ट त्यांनी चार महिने कोणापाशीही उच्चारली नाही. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून भिलाईस आलेल्या आणि सेक्टरांतील क्वार्टरांत संसार थाटलेल्या त्या पिढीतील स्त्रियांना या विषयाचा संकोच इतका, की अखेर वाच्यता झाली तीही स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून. पहिल्या दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद पाहताक्षणी ‘पिशवी काढून टाका’ असा निकाल मिळाला. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र, आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून निर्णय करणार नाही असे निक्षून सांगून, बाह्यरुग्ण विभागातच, बिनभुलीने, दुर्बिणीची तपासणी ठरविली. वन्संनी माझा हात सोडला नाही, म्हणून मला आत थांबण्याची मुभा मिळाली.

वेदनाशामक गोळी तासाभरापूर्वीच दिलेली होती. दुर्बिणीचे भिंग २.९ मिलिमीटर जाडीचे, बाहेरच्या नळीसह सारे मिळून पाचांच्या आसपास. योनिमार्ग ताणून धरणारे यंत्र नाही, गर्भाशयाचे मुख पकडणारा चिमटा नाही. इटलीतील बारी येथील स्टेफानो बेत्तोक्की यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या या रीतीत, उंच टांगलेल्या पिशवीतील सलाइनचे पाणीच पुढे होऊन वाट उघडते आणि दुर्बीण त्याच्या मागोमाग जाते.

पडद्यावर प्रथम गुलाबी घड्या दिसल्या, मग ग्रीवेची अरुंद नळी, आणि तिच्या टोकाशी आतले द्वार. खरी कळ इथेच येते. ते द्वार आडवे लांबट असते, म्हणून त्याच्या आकाराशी जुळावी अशी दुर्बीण अलगद फिरवून घ्यावी लागते. तेवढ्यात वन्संची बोटे माझ्या मनगटात रुतली. ‘दर्द हो तो बोलिए, मैं वहीं रुक जाऊँगी,’ असे आरंभीच सांगणाऱ्या बाई खरोखरच थांबल्या. परिचारिका कपाळावर हात ठेवून छत्तीसगढीत ‘झन डर्रा, दाई’ (घाबरू नको, माय) म्हणाली. आणि वन्संनी स्वतः मान हलविल्यावरच दुर्बीण पुढे सरकली. रुग्णाच्या शब्दावर हात थांबणे हे मी या विद्येचे अर्धे कौशल्य मानते.

एरवी एकमेकींस चिकटून असलेल्या गर्भाशयाच्या भिंती पाण्याने विलग झाल्या, दोन्ही कोपऱ्यांत बीजवाहिन्यांची इवलीशी मुखे दिसली, आणि मागच्या भिंतीवर, बारीक देठाने लोंबणारा, पाण्यात हेलकावणारा मांसाचा एक कोंब. न पाहता खरवडून काढण्याच्या जुन्या पद्धतीत असा कोंब पुष्कळदा निसटून जातो. नळीतूनच सरकविलेल्या सूक्ष्म कात्रीने देठ छेदला गेला आणि कोंब तपासणीच्या बाटलीत पडला. सारे मिळून बारा मिनिटे.

वन्संच्या यजमानांचे उभे आयुष्य झोतभट्टीपाशी गेले. भट्टीत वारा सोडणाऱ्या नळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून, निळी काच डोळ्यांसमोर धरून, ते आतला जाळ निरखीत, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांना मी पडद्यावरची हकीकत सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘म्हणजे भट्टी न मोडता पाहिले.’

१८६९ साली पांतालेओनी या वैद्याने जिच्या गर्भाशयात प्रथम अशी दृष्टी टाकली, तीही साठीची, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणारी स्त्रीच होती, आणि तिच्याही पोटात असाच कोंब निघाला होता.

आठवड्याने अहवाल आला: कर्करोग नाही. वन्संची पिशवी जागेवर आहे. परंतु पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ९ जणींत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. म्हणून, भगिनींनो, एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.