टकटक करणारी तबकडी

अशी कल्पना करा, की धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी गावी तुमच्या मित्राच्या घरी एक जुना संगणक आहे. मित्राच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात मुद्रित करून ठेवल्या आहेत. आजी आता हयात नाही आणि मुद्रणाची दुसरी प्रत कोणी काढलेली नाही. (तुमच्या घरी कोणी काढली आहे का?) एके दिवशी संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात. ओव्यांची फाइल अर्ध्यावर अडकते. मित्र संगणक बंद करून पुन्हा चालू करतो, मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. नेमके हेच त्याने करायला नको. का बरे?

त्यासाठी हार्ड डिस्कच्या डबीत डोकावले पाहिजे. आत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. थरातील सूक्ष्म ठिपके एका किंवा उलट दिशेने चुंबकित करून माहिती लिहिलेली असते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष, म्हणजे हेड, मात्र टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस पाऊण लाख नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून ही उंची किती कमी ते लक्षात येईल. आणि वेग? टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. तेव्हा तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. आपली एस. टी. एवढी धावली तर प्रवासी उतरून जातील!

अशा वेळी हेड खाली टेकले तर थर खरवडला जातो. निघालेली भुकटी आतच फिरत राहते आणि नवे ओरखडे काढते. म्हणून आजारी डिस्क फिरत असलेले प्रत्येक मिनिट महाग असते.

डिस्कवरची माहिती ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या खणांत लिहिलेली असते. या खणाला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरबरोबर पडताळणीसाठी जास्तीचे अंक असतात, त्यामुळे थोडी चूक झाली तर डिस्क ती स्वतःच दुरुस्त करते. चूक मोठी असेल तर ती तोच सेक्टर पुनःपुन्हा वाचून पाहते. संगणक अडकतो तो इथे. तो आळसावलेला नसतो. एकाच खणापाशी अडून बसलेला असतो.

मग मार्ग कोणता? बेंबळीच्या शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. सोयाबीन कापून पडले आहे आणि परतीचा पाऊस दिसू लागला, तर तो चिखलातल्या चार पेंढ्यांपाशी अडून बसत नाही. आधी हाताशी येणारे सारे गोळा करून झाकतो, उरलेल्याचे मग पाहतो. डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम अगदी असेच करतो. तो फाइली निवडत बसत नाही, सबंध डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी प्रत दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवतो. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते घेतो आणि अडचणीचा भाग ओलांडून पुढे जातो. नंतरच्या फेऱ्यांत सोडलेल्या जागी परत येऊन लहान लहान तुकडे वाचतो. कुठले खण मिळाले, कुठले राहिले याचा नकाशा तो वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्यामुळे मधेच वीज गेली, तरी काम सोडले तिथून पुढे सुरू करता येते. अर्थात, दुबळ्या डिस्कला पुन्हा फिरायला लावणेही धोक्याचेच. इन्व्हर्टर असला तर बरा.

फाइली शोधण्याचे, जुळवण्याचे सारे प्रयोग मग या प्रतीवर करायचे. मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही. संगणक ‘फॉर्मॅट करू का?’ असे विचारील, त्याला नकार द्यायचा. दुरुस्तीचा प्रोग्रॅमही मूळ डिस्कवर चालवायचा नाही, कारण दुरुस्ती करताना तोही लिहितोच.

डिस्कमधून ‘टक्, टक्’ असा ठराविक आवाज येत असेल तर मात्र हा उपायही नको. हेड आपली जागा दाखवणाऱ्या खुणा शोधते, त्या सापडत नाहीत, म्हणून मागे येऊन पुन्हा धाव घेते, त्याचा तो आवाज असतो. अशी डिस्क ताबडतोब बंद करावी. ती धूळरहित खोलीत तज्ज्ञच उघडतात, कारण काळ्या मातीचा एखादा कणही त्या हेडपुढे डोंगराएवढा! डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते.

तज्ज्ञांच्या हातून काय घडू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची डिस्क सापडली. डबीचे बूच वितळून आत माती गेली होती. तबकडीवर खड्डे पडले होते, पण नशिबाने ते बहुतांशी न लिहिलेल्या भागात होते. तबकड्या स्वच्छ करून नव्या डबीत बसवल्या, तेव्हा सुमारे ९९ टक्के माहिती वाचता आली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता मित्राच्या आजीकडे वळू. समजा, प्रत निघाली, पण ओव्यांच्या फाइलीतला एक सेक्टर काही केल्या वाचता आला नाही. ओव्या एमपी३ प्रकारात, सेकंदाला १२८ किलोबिट या दराने मुद्रित केल्या असतील, तर एका सेकंदाला १६,००० बाइट लागतात. म्हणजे ४०९६ बाइटचा हरवलेला खण साधारण पाव सेकंदाचा झाला. तेवढ्यापुरता आवाज तुटेल, कदाचित जरासा खरखरेल. पुढची ओवी पुन्हा आजीच्याच आवाजात ऐकू येईल.