झोप हरवलेली मूत्रपिंडे : मेलाटोनिनची गोळी किती उपयोगाची?

बेट्टदपुर (म्हैसूर) : म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातील बेट्टदपुर हे गाव त्याच्या डोंगरावरून ओळखले जाते. कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवस्थान आहे आणि ‘सिडिलु’ म्हणजे वीज. पिरियापट्टण आणि शेजारचा हुणसूर हे तालुके व्हर्जिनिया तंबाखूचे. निपाणीकडचा विडीचा तंबाखू उन्हात वाळतो, इथल्या तंबाखूला मात्र भट्टीची ऊब द्यावी लागते. भट्टी एकदा लागली की ती काही दिवस अखंड चालते. उष्णता कमी-जास्त होऊ नये म्हणून घरातील कोणाला तरी रात्रभर जागे राहावे लागते. हे जागरण हंगामापुरते असते. माल उतरला की माणूस पुन्हा गाढ झोपतो.

दुसरे एक जागरण हंगाम पाहत नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेला रुग्ण अंथरुणावर पडतो, पण झोप येत नाही. आली तरी दोन तासांत मोडते, आणि दिवसा बसल्या जागी डोळे मिटतात. अशा गावातल्या रुग्णाला रक्तशुद्धीकरणासाठी, म्हणजे डायलिसिससाठी, आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. सकाळची पाळी मिळाली तर घर पहाटेच सोडावे लागते. मग यंत्राशेजारी चार तास पडून राहताना डुलकी लागते आणि रात्री पुन्हा डोळा लागत नाही. पोटॅशियम, फॉस्फरस, पाण्याचे मोजमाप या साऱ्यांची चौकशी दवाखान्यात होते. झोपेची तक्रार बहुधा रुग्णाने स्वतःहून काढली तरच निघते.

या निद्रानाशाला एकच कारण नसते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. निरोगी माणसाच्या शरीरात रात्री लघवीचे प्रमाण घटते आणि ती दाट होते. दुबळ्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे रुग्णाला रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते. लोहाच्या कमतरतेमुळे आणि रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे पायांत विचित्र शिवशिव होते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हा त्रास नेमका रात्री वाढतो. अंगाला खाज सुटते. दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर मानेकडे सरकते, घशाचा मार्ग अरुंद होतो आणि झोपेत श्वास अडतो. यांपैकी कोणत्याही त्रासावर झोपेची गोळी हा इलाज नव्हे. श्वास अडणाऱ्या रुग्णाला गुंगीचे औषध दिले तर धोका वाढू शकतो.

एवढी कारणे बाजूला काढल्यावरही एक गोष्ट उरते, ती म्हणजे शरीराच्या घड्याळाचे बिघडलेले काटे. मेलाटोनिनचा संबंध येतो तो इथे.

मेलाटोनिन हे संप्रेरक १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी जनावरांच्या पिनिअल ग्रंथींमधून वेगळे केले. ते शोधत होते त्वचेचा रंग फिका करणारे द्रव्य. हाती लागला मात्र रात्रीचा निरोप्या. मेंदूच्या मध्यभागी असलेली ही वाटाण्याहूनही लहान ग्रंथी अंधार पडल्यावर मेलाटोनिन स्रवू लागते आणि पहाटे थांबते. डोळ्यांतील काही विशिष्ट पेशी उजेडाची वार्ता मेंदूतील मुख्य घड्याळाकडे नेतात. तिथून मज्जारज्जूमार्गे मानेतील चेतागाठीपर्यंत आणि पुन्हा वर ग्रंथीपर्यंत असा वळणावळणाचा निरोप जातो. शेवटच्या टप्प्यावर हा निरोप नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन पोचवते. हा तपशील रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिली जाणारी ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील औषधे नेमका हाच टप्पा अडवतात, आणि मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांच्या औषधांत त्यांपैकी एखादे असतेच. ही औषधे घेणाऱ्या सोळा रक्तदाबरुग्णांना तीन आठवडे रोज अडीच मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर त्यांची झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. अर्थात याचा आधार घेऊन रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते.

मूत्रपिंडांचे स्वतःचेही घड्याळ असते. त्यांची गाळणक्षमता दिवसा जास्त आणि रात्री कमी राहते. रात्री रक्तदाब काहीसा उतरावा, अशीही निसर्गाची योजना आहे. मूत्रपिंडविकारात अनेकांचा रक्तदाब रात्री उतरत नाही आणि त्याचा भार हृदयावर व उरल्यासुरल्या मूत्रपिंडांवर पडतो. नेदरलँड्समधील संशोधक बिर्गिट कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की मूत्रपिंडांची क्षमता जसजशी घटते तसतशी रात्रीच्या मेलाटोनिनची भरतीही ओसरते. डायलिसिसपर्यंत पोचलेल्या रुग्णांत तर ही रात्रीची भरती पुष्कळदा दिसतच नाही.

मग कमी पडते ते बाहेरून भरून काढावे, हा विचार ओघानेच आला. याच गटाने २००९ मध्ये केलेल्या चाचणीत दिवसा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांना रात्री दहा वाजता तीन मिलिग्रॅम मेलाटोनिन सहा आठवडे देण्यात आले. तेवढाच काळ त्यांनी दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळीही घेतली. कोणती गोळी केव्हा चालू आहे, हे ना रुग्णाला ठाऊक होते ना डॉक्टरला. वीस रुग्णांनी चाचणी पूर्ण केली. डायलिसिसच्या दिवसानंतरच्या रात्री झोप लागण्यास लागणारा वेळ साडेचव्वेचाळीस मिनिटांवरून साडेपंधरा मिनिटांवर आला. अंथरुणावरील वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा ६७.३ टक्क्यांवरून ७३.१ टक्के झाला. बातम्यांमध्ये मिरवले जातात ते हेच आकडे. त्याच चाचणीत एकूण झोप मात्र ३७६ मिनिटांवरून ३८८.५ मिनिटांवर गेली, म्हणजे वाढली ती जेमतेम बारा मिनिटे. तासभर कूस बदलत पडणाऱ्याला लवकर डोळा लागणे हे सुख लहान नाही, पण पहाटेपर्यंत सलग झोप मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

या गोळीची खरी परीक्षा पुढे झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेलडी’ नावाच्या चाचणीत ६७ डायलिसिस रुग्णांना वर्षभर तीन मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. तिसऱ्या महिन्यात निकाल उत्साहवर्धक होता. डायलिसिसच्या रात्री मेलाटोनिन घेणाऱ्यांची झोप दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ४९ मिनिटांनी जास्त होती. बारा महिने पूर्ण झाले तेव्हा हा फरक उरला नव्हता. दिवसाच्या उत्साहात आणि तरतरीतही वर्षअखेर फरक आढळला नाही. शिवाय चाचणी शेवटपर्यंत पूर्ण करणारे रुग्ण ४२ च होते. डायलिसिसच्या रुग्णांत वर्षभरात प्रत्यारोपण, रुग्णालयवास, मृत्यू असे बरेच काही घडते आणि लहान चाचणीचे बळ त्यातच सरते. तेव्हा मेलाटोनिन निकामी ठरले असे म्हणता येत नाही, आणि ते सिद्ध झाले असे म्हणणे तर त्याहून चुकीचे आहे.

झोपेच्या इतर उपायांचीही गत फारशी निराळी नाही. अमेरिकेत सिअॅटल आणि अल्बुकर्क येथील डायलिसिस केंद्रांतील १२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दृकश्राव्य माध्यमातून दिलेली वर्तनोपचार पद्धती, ट्रॅझोडोन हे औषध आणि निव्वळ पोकळ गोळी अशी तुलना करण्यात आली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांतील झोपेत फरक नव्हता. ट्रॅझोडोन घेणाऱ्यांत हृदयाशी निगडित गंभीर घटना अधिक आढळल्या. इतर लोकांच्या निद्रानाशावर वर्तनोपचार हाच पहिला उपाय मानला जातो, म्हणून हा निकाल अनेक तज्ज्ञांना खटकला.

भारतीय संशोधनातील एक नोंद इथे आठवण्याजोगी आहे. दिल्लीच्या संरक्षण शरीरक्रियाशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ३० निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटाने तीन महिने हठयोग आणि ओंकार ध्यान केले आणि त्यांच्या रक्तातील रात्रीचे मेलाटोनिन वाढलेले आढळले. हे पंचवीस ते पस्तीस वयाचे धडधाकट तरुण होते. सत्तरीतल्या, हाडे ठिसूळ झालेल्या, हातात डायलिसिसची जोडशीर असलेल्या रुग्णाला तोच निष्कर्ष लावता येणार नाही.

झोपेचा परिणाम मूत्रपिंडांवर होतो काय, हा उलट दिशेचा प्रश्नही विचारला गेला आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत ४,२३८ स्त्रियांची नोंद अकरा वर्षे ठेवली गेली. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची मूत्रपिंडांची क्षमता सात-आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने घसरली. हे निरीक्षण आहे, कार्यकारण नव्हे. कमी झोपणाऱ्या स्त्रियांत मधुमेह, लठ्ठपणा किंवा रक्तदाब अधिक असू शकतो आणि घसरण त्यांच्यामुळेही झालेली असू शकते. तंबाखूच्या भट्टीपाशी जागणाऱ्या शेतकऱ्याने यावरून लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्याला मधुमेह असेल, तर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासून घेण्याचे कारण नक्कीच आहे.

गोळीच्या शुद्धतेचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत मेलाटोनिन आहारपूरक म्हणून विनाचिठ्ठी मिळते. युरोपात मंद गतीने विरघळणारी दोन मिलिग्रॅमची गोळी २००७ मध्ये पंचावन्न वर्षांवरील रुग्णांसाठी औषध म्हणून मंजूर झाली. मूत्रपिंडविकारात ती जपून द्यावी, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकात आहे. कॅनडात २०१७ मध्ये तपासलेल्या ३१ उत्पादनांत प्रत्यक्ष मेलाटोनिन छापील प्रमाणापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाले आणि आठ उत्पादनांत सेरोटोनिन हे भलतेच द्रव्य आढळले. परदेशातून नातलगांनी आणलेल्या बाटल्या आपल्याकडे घरोघरी असतात. मेलाटोनिनचे विघटन मुख्यतः यकृतात होते आणि उरलेला अंश लघवीवाटे जातो. मूत्रपिंडे थकलेली असतील तर हे अंश शरीरात रेंगाळतात. याहून अधिक काळजी वाटावी अशी औषधे मात्र वेगळी आहेत. पायांच्या शिवशिवीवर दिले जाणारे गॅबापेंटिन जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांमार्गे बाहेर पडते. नेहमीच्या मात्रेत ते रुग्णाला गुंगीत टाकते, तोल जातो आणि पडून हाड मोडते.

सर्वांत ठळक सुधारणा दिसली ती गोळीने नव्हे, यंत्राने. टोरांटोमधील संशोधकांनी २००१ मध्ये १४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दिवसा चार तासांऐवजी रात्री झोपेतच, आठ-दहा तास संथ गतीने डायलिसिस सुरू केल्यावर श्वास अडण्याचे प्रमाण तासाला सरासरी २५ वेळांवरून आठवर आले. रात्रीच्या डायलिसिसने मेलाटोनिनची रात्रीची भरती काही प्रमाणात परत येते, असे कोख यांच्या गटालाही नंतर दिसले. भारतात २०१६ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रे पोचली आणि गरिबांचा खर्च वाचला. पण एकेका यंत्रावर दिवसभरात दोन-तीन रुग्ण घ्यावे लागतात, आणि एका रुग्णाला रात्रभर यंत्र देणे अशा केंद्रांना अजून परवडत नाही. त्यांना सध्या जमण्याजोगे आहे ते रुग्णाची पाळी ठरवताना तो किती लांबून येतो हे विचारणे, रक्तातील लोह तपासणे, घोरणाऱ्याची श्वासतपासणी सुचवणे आणि सकाळी यंत्रावर पडलेल्या रुग्णाच्या खिडकीचा पडदा उघडा ठेवणे.